बांधावरचा जांभा

आमचं घर एका दगडापायी फुटायला आलं होतं. तो दगड मीच पोत्यात घालून सांगलीला नेला होता आणि कॉलेजच्या टेबलावर मांडला होता. दोन सख्खे भाऊ, जन्मात एकमेकांना वाकडा शब्द न बोललेले, त्याच्यामुळं वेगळ्या चुली मांडायला निघाले होते. घरात आजही हा विषय कुणी काढत नाही. चुकून निघालाच तर आई चहा ठेवायच्या निमित्तानं उठून जाते. मी मात्र लिहिणार. त्या सगळ्या भानगडीत डोकं ताळ्यावर असलेली मी एकटीच होते, आणि हे मी बिलकूल न लाजता सांगते.

आमचं गाव कडेगावपासून जवळ. रान काळं, पाण्याची सोय झालेली, त्यामुळं जिकडं बघाल तिकडं ऊस. आजोबांना दोन मुलगे. थोरले तात्या आणि धाकटे माझे पप्पा. तात्यांनी शेती धरली आणि पप्पा मिसरूड फुटायच्या आत फौजेत भरती झाले. आजोबांनी हयातीतच रानाची तोंडी वाटणी करून ठेवली होती, वरची बाजू तात्यांची, खालची पप्पांची. पण ती नुसती बोलण्यापुरती. दोन्ही बाजू तात्याच कसायचे, घरात चूल एकच, आणि ट्रॅक्टर सरळ फिरावा म्हणून मधला बांधसुद्धा त्यांनी कधीच मोडून टाकला होता. पप्पा सुट्टीवर यायचे ते पाहुण्यासारखे. लग्नं, जत्रा, दवाखाने उरकायचे आणि ट्रंक उचलून परत जायचे. आपल्याच शेताला त्यांनी सलग एक हंगाम कधी पाहिलं नव्हतं.

मी बारावी झाले त्याच वर्षी पप्पा सुभेदार म्हणून रिटायर होऊन घरी आले, आणि मी सांगलीला बी.एस्सी.ला गेले. केमिस्ट्री घेतली होती, सोबत भूशास्त्र. भूशास्त्र का, तर वर्गात गर्दी कमी असते असं कुणीतरी सांगितलं होतं. तात्यांना कळल्यावर ते आठवडाभर हसत होते. दगडं बघायला सांगलीला कशाला जातीस पोरी, आपल्या विहिरीतला गाळ काढतो, तिथं काठावर बस, असं म्हणायचे. पण हॉस्टेलवर सोडायला तेच आले. पप्पांचे पेन्शनचे कागद चालले होते. तात्यांनी माझी ट्रंक तीन मजले खांद्यावरून चढवली, खोलीतला पंखा फिरतो का ते बघितलं, खिडकीची कडी दोनदा ओढून बघितली, आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा हातात देऊन जिन्यानं खाली गेले. मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मी त्यांच्याबरोबर परत आले असते, हे त्यांना माहीत होतं.

भूशास्त्राची लॅब मला पहिल्याच दिवशी आवडली. लांबलचक टेबलं, लाकडी ट्रे, ट्रेमध्ये दगड आणि खनिजं, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्यावर काळ्या शाईनं नंबर. सीनियर मुलांनी आल्या आल्या गुरुमंत्र दिला: दगड बघायचाच नाही, नंबर पाठ करायचा. कोपरा उडालेला पांढरा म्हणजे बारा नंबर आणि बारा नंबर म्हणजे जिप्सम. सगळा वर्ग तेवढ्यावर निवांत होता. मग एका सोमवारी आमच्या मॅडमनी सगळे ठिपके खरवडून काढले आणि नवे नंबर घातले. अर्ध्या वर्गाची दातखीळ बसली. काळा दिसला की बेसॉल्ट, ही तर आमच्या भागातल्या पोरांची जन्मखोड. त्या दिवशी कुणी कुणी काळ्या हेमाटाइटलासुद्धा बेसॉल्ट लिहून मोकळं झालं.

मी घाबरले नाही. मला नंबर पाठच नव्हते. मी नख लावून बघायचे. नखानं ओरखडा उठला की जिप्सम, नखाला दाद देत नाही पण तांब्याच्या नाण्याला देतो तो कॅल्साइट. शंका आली तर ड्रॉपरनं ॲसिडचा थेंब टाकायचा, कॅल्साइट असेल तर लगेच फसफसतं. सगळ्यात मजेशीर म्हणजे कस. झिलई नसलेल्या पांढऱ्या फरशीवर खनिज घासायचं आणि रेघ कुठल्या रंगाची उठते ते बघायचं. काळाकुट्ट हेमाटाइट घासला की कुंकवाची रेघ. मला ते इतकं आवडलं की हॉस्टेलच्या बाथरूममधली फुटकी टाइल मी उचलून आणली आणि तिच्या मागच्या बाजूवर दिसेल ते घासत बसले. माझी रूममेट कोरेगावची. ती म्हणायची, हिला लग्नात दागिने घालू नका, ही आधी घासून बघेल. म्हटलं, बघणारच.

दिवाळीच्या सुट्टीआधी मॅडमनी काम लावलं. प्रत्येकानं आपापल्या शिवारातले दगड गोळा करून आणायचे. मुठीएवढा तुकडा, एक बाजू हातोडीनं ताजी फोडलेली, सोबत चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर तो कुठं मिळाला ते. दुसऱ्या गावचा किंवा दुसऱ्याच्या डब्यातून उचललेला दगड सापडला तर सगळ्या संग्रहाला शून्य. मॅडम बोलायच्या कमी, पण बोललेलं करायच्या.

घरी येऊन मी हे सांगितलं मात्र, पप्पांच्या अंगात वारं शिरलं. रिटायर झालेल्या फौजी माणसाला नुसतं बसवून ठेवणं ही त्याला शिक्षाच असते. गावात त्यांना काही काम नव्हतं. शेतात तात्या हात लावू देत नव्हते, बस की रं आता निवांत, म्हणायचे. त्यामुळं माझा दगडांचा अभ्यास पप्पांनी मोहीम म्हणून अंगावर घेतला. रोज सकाळी अंधुकशा उजेडात मला उठवायचे, पोतं आणि काठी घेऊन आम्ही निघायचो. एक दिवस ओढा, एक दिवस डोंगर, एक दिवस विहिरीतनं काढलेला मुरूम. मला वडील सुट्टीपुरतेच माहीत होते. ते दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, अगदी मनापासून सांगते.

एका सकाळी मी विहिरीजवळ दगडांच्या ढिगात पांढरे स्फटिक शोधत बसले होते. पप्पा उसाच्या कडेनं वर कुठंतरी गेले होते. ऊस डोक्याच्या वर गेलेला, कडेच्या बांधावर कमरेइतकं गवत. थोड्या वेळानं ते खांद्यावर एक दगड घेऊन आले. लहान कळशीएवढा, विटकरी तांबडा, आणि आंबोळीला पडतात तशी भोकं सगळ्या अंगावर. मी म्हटलं, पप्पा, मॅडमनी मुठीएवढा सांगितलाय. ते म्हणाले, अर्धा जवान कुणी भरती करून घेतं का? घेऊन जा आख्खा. मला तर आनंदच झाला. आमच्या काळ्या शिवारात एवढा देखणा दगड मी पाहिला नव्हता. हातोडीनं त्याचा एक कोपरा उडवला, ताजी बाजू केली, चिठ्ठीवर 'शेताचा बांध' असं लिहिलं आणि उडालेल्या कोपऱ्यासकट पोत्यात भरला. आता कुणी म्हणेल की फोडलास कशाला. फोडल्याशिवाय दगड कळत नाही. उद्या सापडला तरी मी आधी कोपराच उडवेन.

तो दगड तिथं का होता हे मला माहीत नव्हतं आणि माहीत असायचं काही कारणही नव्हतं. बांधाच्या, हद्दीच्या गोष्टी आमच्याकडं पोरींना कोण सांगतं? पोरी लग्न करून जाणार. त्यांना कुठल्या गल्लीत हळदीकुंकू आहे ते सांगतात.

जानेवारीत कारखान्याची तोड आली. टोळीनं ऊस तोडून नेला, कडेचं गवत काढलं, पाचट कुजवायला सरीत घातलं आणि रान मोकळं झालं. त्यानंतर आईच्या फोनमध्ये तात्या बदलले. आधी म्हणाली, तात्या सकाळचा चहा घरात घेत नाहीत. मग म्हणाली, जेवण विहिरीवर मागवून घेतात. पप्पा समोर आले की गोठ्यात निघून जातात. काय झालं विचारलं तर काय न्हाई म्हणतात. पप्पांनी आपल्या परीनं डोकं खाजवून बघितलं. आपण ठिबकबद्दल दोन शब्द जास्त बोललो म्हणून असेल, किंवा घरी बसून खातोय म्हणून असेल. मोठ्या भावाला समोर बसवून विचारायची हिंमत त्यांना होत नव्हती. सीमेवर बर्फात उभा राहिलेला माणूस, पण तात्यांच्या पुढं तोंडातून शब्द फुटेना.

मग एके दिवशी आई रडतच बोलली. तात्या कडेगावला जाऊन सरकारी मोजणीचा अर्ज देऊन आले होते. आमच्या भागात भावानं मोजणी मागितली की समजायचं, विश्वास संपला. त्याच आठवड्यात मोठ्या आईनं, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, फडताळातली भांडी वेगळी करायला काढली. नावं घातलेली पातेली निवडताना दोघी जावा शेजारी बसून रडत होत्या आणि का रडतोय ते दोघींनाही सांगता येत नव्हतं. मी फोन ठेवला आणि पांघरूण घेऊन पडले. मला फार वाईट वाटलं. तात्यांचं घर वेगळं आणि आमचं वेगळं, म्हणजे मी नेमकी कुठल्या घरची? मला शाळेत पोहोचवलं तात्यांनी, पोहायला शिकवलं तात्यांनी, हॉस्टेलची कडी ओढून बघितली तात्यांनी.

हे चालू असतानाच संग्रह दाखवायचा दिवस आला. मी सगळे दगड ओळीनं मांडले आणि मध्यभागी माझा तांबडा. इतरांचे दगड एका ट्रेमध्ये बसले, माझ्या एकट्या दगडानं अर्धं टेबल अडवलं. मॅडम एकेक बघत आल्या. मुरूम बरोबर, बेसॉल्ट बरोबर, विहिरीतला पांढरा स्फटिक हातात घेऊन त्यांनी मान डोलावली. तांबड्यापाशी थांबल्या. भिंग लावून फोडलेली बाजू बघितली, फरशीवर घासला, तांबूस तपकिरी रेघ उठली. मला विचारलं, हा काय आहे? मी छाती पुढं काढून सांगितलं, जांभा. ते बरोबर होतं. मग त्यांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "हा तुझ्या गावचा दगड नाही."

मी म्हटलं, आहे. त्या म्हणाल्या, नाही. आणि शांतपणे समजावून सांगितलं. जांभा व्हायला उंच सपाट पठार लागतं, धो धो पाऊस लागतो आणि अमाप काळ लागतो. तो पाचगणीकडं, पाटणकडच्या पठारांवर, खाली कोकणात. कडेगावच्या काळ्या रानात, तेवढ्याशा पावसात, तो आपोआप होत नाही, आणि त्या भागात त्यांनी तरी कधी पाहिला नव्हता. मग म्हणाल्या, कुणाच्या डब्यातून घेतलास ते सांग. सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. माझा पारा चढला. मला चोर म्हटलेलं सहन होत नाही, मग समोर कुणी का असेना. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी आमच्या बांधावरून स्वतः उचलून आणलाय, आणि माझे वडील खोटं बोलत नाहीत. मॅडम रागावल्या नाहीत. "मग घरी विचार," त्या म्हणाल्या, "जांभा तुमच्याकडं चालत आला नसणार."

दिवसभर मी धुमसत होते. आधी मॅडमवर, मग दगडावर. पण राग उतरल्यावर त्यांचं वाक्य डोक्यातून जाईना. बरोबर होतं ते. जी वस्तू तिथं होऊ शकत नाही ती तिथं असेल, तर कुणीतरी आणलेली असणार. ओढ्यानं म्हणावं तर आमचा ओढा त्या पठारांवरून येत नाही. म्हणजे माणसानं. पण दगडांनी भरलेल्या शिवारात लांबून दगड कोण आणेल, आणि कशाला?

संध्याकाळी मी पप्पांना फोन लावला आणि तो नेमका कसा सापडला ते विचारलं. ते सहज सांगत गेले. बांधावर गवतात होता, उभा. निम्मा जमिनीत. काठीनं हलवून हलवून काढला. नंतर कुणाचा पाय मुरगळू नये म्हणून खड्डा बुजवून, पायानं दाबून, वर गवत सारखं केलं. फौजी काम, मागं खूण ठेवायची नाही.

दगड स्वतःहून उभा राहत नाही. परक्या जातीचा दगड, बांधावर, निम्मा पुरून उभा केलेला. तो हद्दीचा दगड होता. वाटणीचा दगड. मधला बांध मोडल्यावर दोन भावांच्या रानांत तेवढी एकच खूण राहिली होती, आणि ऊस तुटून कड मोकळी झाल्यावर तात्यांना दिसलं होतं की ती उपटलेली आहे, वरून खड्डासुद्धा बुजवलेला आहे. गावात तो दगड हलवून फायदा होणारा माणूस एकच होता. तो नुकताच कायमचा घरी आला होता.

पप्पांना फोनवर मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते तडक तात्यांकडं गेले असते, तात्या काहीतरी लागट बोलले असते, आणि बोललेला शब्द पोत्यात भरून परत आणता येत नाही. दगड तर आणता येत होता. दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं आणि म्हटलं, शून्य द्या, पण मला दगड घेऊन जाऊ द्या. त्या म्हणाल्या, घेऊन जा, तू उडवलेला कोपरा तेवढा इथं ठेव, मार्क त्याच्यावरनं देता येतील. शिपायाला हाक मारून त्यांनी पोतं बांधायला सुतळीही मागवली.

शनिवारी ते पोतं मांडीवर घेऊन मी विट्याच्या एसटीत बसले. माधवनगर जाईपर्यंत दोन्ही पायांना मुंग्या आल्या. कंडक्टरनं विचारलं, काय ताई, सोनं हाय का काय? मी म्हटलं, त्याच्यापेक्षा महाग हाय, तिकीट फाडा. विट्याला गाडी बदलून घरी पोहोचेपर्यंत मनात किती वेळा बोलायची तयारी केली. मला बोलायला शब्द कमी पडत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्या दिवशी पडतील की काय असं वाटत होतं.

तात्या अंगणात पंपाचा पाइप जोडत बसले होते. पप्पा ओसरीवर पेपर धरून होते, वाचत नव्हते. मी दोघांच्या मधोमध पोतं ठेवलं आणि त्याचं तोंड सोडलं. तांबडा दगड बाहेर आला तसे तात्या पाइप टाकून उठले. दगडाजवळ उकिडवे बसले आणि फोडलेल्या कोपऱ्यावरनं बोट फिरवलं. मी काय झालं ते एका दमात सांगितलं: दिवाळीत पप्पांनी माझ्यासाठी तो काढला, सांगलीला लॅबमध्ये होता, त्यावर नंबरसुद्धा घातलाय. आणि रान चोरणारा माणूस हद्दीचा दगड पोरीच्या कॉलेजात प्रदर्शनाला पाठवत नाही, हेही सुनावलं.

पप्पा ओसरीवरनं खाली आले. हद्दीचा? एवढंच म्हणाले.

तेव्हा तात्या बोलायला लागले, आणि इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. आपल्या रानात काळे दगड पैशाला पासरी, त्यातला एखादा कुणीही हलवून दुसरा लावील, म्हणून आजोबांनी मुद्दाम पाटणच्या वरच्या पठारावरनं हा तांबडा आणला होता. आत्याचं सासर तिकडं. बैलगाडीतनं आणला, आणि गाडीत आजोबांशेजारी तात्या होते. पलीकडं ओढ्यावरची बाभळ आणि अलीकडं हा जांभा, दोन्हीच्या मधल्या सरळ रेघेवर वाटणी. पप्पा तेव्हा ट्रेनिंगला गेले होते. इतकी वर्षं मी दोन्ही रानं कसली, तात्या म्हणाले, तुझ्या रानाला आधी पाणी दिलं आणि मग माझ्या, आणि तू घरी आलास ते आधी त्या दगडाला हात घातलास. मी तात्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पप्पा म्हणाले, मला ठाऊकच नव्हतं. तात्यांचा विश्वास बसेना. कुणबी माणसाला आपली हद्द ठाऊक नाही, हे त्यांच्या टकुऱ्यात शिरणं अवघड होतं. त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली. "चल," म्हणाले, "कुठनं काढलास ते दाव मला."

आम्ही तिघं रानात गेलो. घराकडनं गेलं की आधी पप्पांची खालची बाजू लागते, मग चढत चढत तात्यांची. दगड पप्पांनी खांद्यावर घेतला होता. ऊस तुटलेला, खोडव्याचे हिरवे कोंब नुकते वर आलेले, कडेचा बांध लांबपर्यंत उघडा. दिवाळीतलं काहीच तिथं उरलं नव्हतं. पप्पा बांधानं चालत राहिले, थांबले, मागं विहिरीकडं बघितलं, पुन्हा थोडं चालले. नकाशा बघून बर्फाच्या डोंगरात वाट काढणारा माणूस आपल्याच बांधावर चाचपडत होता. शेवटी एका जागी थांबून म्हणाले, हितनं.

मला पुढचं दिसत होतं. अजून बऱ्याच अंतरावर, वरच्या अंगाला, काळ्या मातीत तांबड्या कणांचा एक डाग होता. हेच बघायला मी शिकले होते, माझी नजर तिथं आधीच जाऊन बसली होती. दगड तिथला होता. पप्पा उभे होते ती जागा त्यांच्याच रानात कितीतरी आत होती. तिथं दगड रोवला असता तर पप्पांच्या उसाच्या किती तरी सऱ्या तात्यांच्या झाल्या असत्या. माझी जीभ वळवळली. पण मी तात्यांचा चेहरा बघितला आणि गप्प राहिले.

तात्यांनी विचारलं, "नक्की हितनंच?"

"व्हय तात्या. नक्की."

तात्या बराच वेळ पप्पांच्या पायाकडं बघत राहिले. त्यांना आता कळलं होतं. लबाडी करणारा माणूस आपल्या अंगावर एवढं नुकसान घेत नाही. ह्याला खरंच काही ठाऊक नव्हतं. तात्या वरच्या अंगाला चालत गेले आणि वळून त्यांनी हात केला. "हितं न्हाई रं," ते म्हणाले, "म्होरं ये." पप्पा दगड घेऊन पुढं झाले. "आजून म्होरं ये. आजून." असं करत त्यांनी पप्पांना त्या तांबड्या डागापर्यंत आणलं आणि पहार तिथं टेकवली. "बास. हितपातूर तुझं हाय."

पप्पांनी दगड खाली ठेवला आणि त्याच्याशेजारीच मातीत बसले. आपण बसलोय हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. खाली विहिरीपर्यंत सगळं रान एका सरळीत, एकही सरी तुटलेली नाही, एकही कोपरा पडीक नाही. ते बघत राहिले.

"मग इचारायचं न्हाईस व्हय मला?" तात्या म्हणाले, पण आता आवाज उतरला होता.

मला राहवलं नाही. इतके दिवस दोन घरं रडत होती, दोघी जावा भांडी निवडत होत्या, आणि सगळं कशासाठी? मी म्हटलं, "आवं तात्या, तुमी तरी कुठं विचारलंत? अर्ज द्यायला कडेगावला गेलात. ओसरीवर पप्पा बसलेले असायचे, तेवढं लांब जाववलं नाही?"

वडीलधाऱ्या माणसाला असं बोलल्यावर आता कानाखाली बसणार असं मला वाटलं. तात्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते पप्पांकडं बघत होते.

"इचारायला भ्या वाटलं," ते म्हणाले. "तू व्हय म्हणला असतास तर?"

पप्पा उठले. त्यांनी तात्यांच्या हातातली पहार घेतली आणि खड्डा घ्यायला लागले.